सोयर लागलेली पेटी

ऊन म्हणजे काय असतं, ते कोकणातल्या बाईला लोणी भापकरला गेल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे आंबापोळी वाळत घालायची म्हणजे एक डोळा ताटावर आणि एक आभाळात. वळवाचा एक शिंतोडा आला की दोन दिवसांची मेहनत पाण्यात. तिथे मात्र फाल्गुनातलं ऊन सकाळी आठला जे बसतं ते दिवे लागेपर्यंत उठायचं नाव काढत नाही. मी परत येऊन आठ दिवस झाले, तरी डोळे मिटले की ते पिवळंधमक ऊन समोर येतं आणि मला पेंग येते.

गेले होते ती पेटीच्या कामाला. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी वाळवणं शिकवते, ती संस्था विजेचा खांब न पोचलेल्या वस्त्यांवर पेट्या देते. लाकडी चौकट, आत काळा रंगवलेला पत्रा, वर काच, मध्ये जाळीची ताटं. बाजूला एक वहीएवढी काळी पाटी उन्हात धरलेली असते, तिच्यावर एक इवलासा पंखा फिरतो आणि आतली ओल बाहेर काढतो. ना तार, ना बिल, ना लोडशेडिंग. शेवया, कुरडया, मेथी, काय हवं ते धूळमाशी न लागता वाळतं. वस्तीतल्या बायकांनी आपापलं वाळवण आणायचं आणि पाच मुठींतली एक मूठ पेटी सांभाळणारीला द्यायची; तिनं ते विकून आपला धंदा उभा करायचा. नियम एकच, महिन्याभरात निदान पाच घरांचं वाळवण पेटीत पडलं पाहिजे. नाही पडलं तर पेटी उचलून रांगेतल्या पुढच्या गावाला. पेटीवर ‘चालू’ की ‘बंद’ असा शेरा मारण्याचं काम माझं.

आणखी एक सांगायला हवं. प्रत्येक पेटीवर ‘सौर वाळवणपेटी’ अशी जी पाटी असते, ती माझ्या हातची. पांढऱ्यावर तांबडी अक्षरं, ‘सौर’ जरा मोठं. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि त्याबाबतीत मी कधीच विनय बाळगलेला नाही.

लोणी भापकर

एसटीत माझा डोळा लागला आणि लोणी मागे राहिलं. कंडक्टरनं जागं केलं तेव्हा आजूबाजूला नुसतं माळरान होतं.

“ताई, झोप झाली का? तुमचं गाव मगाशीच गेलं,” तो म्हणाला आणि बसभर हशा पिकला.

उतरून उलटी चालत आले. रस्त्यावर लांबवर पाणी साचल्यासारखं दिसायचं, जवळ गेलं की पुढे सरकायचं. वाटेत एक माणूस भेटला नाही. आपण चालतोय की अजून बसमध्ये झोपलोच आहोत, असं वाटण्याइतकं सगळं निवांत होतं. गावातल्या जुन्या दगडी कुंडाच्या पायऱ्यांवर जरा टेकले, पाय बुडवले, आणि मग वस्तीची वाट विचारली.

पेटी सांभाळणाऱ्या कोंडाबाई पंचेचाळिशीच्या, उंच, काटक. त्यांचं घर पूर्वी मेंढरांवर चालायचं. मेंढरं विकली, आता थोडी शेती आणि मिळेल ते काम. पेटी अंगणाच्या मधोमध होती, लखलखीत पुसलेली. काचेवर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा पांघरला होता, कडेला कडुलिंबाच्या डहाळ्या खोचल्या होत्या. कोंडाबाईंनी तुकडा अलगद दूर केला. आत त्यांच्याच मेथीचं एक ताट होतं, बाकीची सगळी रिकामी. मी वहीत लिहिलं, ‘कीटकांसाठी कडुलिंब. उत्तम कल्पना.’ आता तो शेरा वाचला की कानशिलं तापतात.

“पेटी चालते ना?” मी विचारलं.

“चालती की. पंखा बगा कसा गरागरा फिरतोय.”

“मग बायका का येत नाहीत?”

“येतील. तुमी बाराव्या दिशी येनार हुता न्हवं? लई वाट बगितली आमी.”

पेटी बसवायला आलेली आमची दोन इंजिनियर मुलं ‘बारा दिवसांनी चक्कर मारू’ असं सांगून गेली होती खरी. जीप बिघडली आणि ते राहून गेलं. मी माफी मागितली. कोंडाबाईंनी लुगड्याचा तुकडा पुन्हा नीट घातला.

जेवायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि हुलग्याचं माडगं. भातावर वाढलेल्या माणसाला पहिली भाकरी म्हणजे परीक्षाच, पण ते कढत माडगं दोन वाट्या प्यायले आणि तिथेच भिंतीला टेकून सुस्तावले. कोंडाबाईंचे यजमान, सगळी वस्ती त्यांना तात्या म्हणते, समोर घोंगडीवर बसले होते.

“गाव कुठलं म्हनायचं तुमचं?”

“गुहागरकडचं.”

“आरं तिच्या!” तात्या सरळ बसले. “चिपळूनाच्या आल्याडपल्याड मेंढरं बसवल्यात की आमी. दिवाळी झाली का घाट उतरायचा. तुमची भाताची वावरं लेंडीखतानं आमीच पोसली बगा.”

लहानपणी आमच्या भाताच्या कुणग्यात दोन-दोन रात्री मेंढरं बसायची, आणि आजोबा धनगरांना भात मोजून द्यायचे. ती माणसं येतात कुठून आणि जातात कुठे, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आता कळलं, ती इथे येत होती, या उन्हात.

“आता न्हाय जात?”

“आता मेंढरं न्हाईत. डोळं झाकलं का अजून घाट उतरतोय मी. पाय हितंच आस्त्यात,” तात्या म्हणाले. मग मला तिथेच झोप लागली.

वालचंदनगर

दुसऱ्या दिवशी पहाटे कोंडाबाईंनी गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या. दुपार कलायच्या आत त्या पेटीत खडखडीत वाळल्या. आमच्याकडे याला चार दिवस आणि दहा नवस लागतात. मला इतका आनंद झाला, की मी म्हटलं, चला, तिसऱ्या दिवशी वालचंदनगरलाच जाऊ. तिथे पगारदार माणसं आहेत, वाळवणाला वेळ नाही. कुणी घेतं का पाहू.

वालचंदनगर म्हणजे उसाच्या समुद्रात कुणीतरी आखून काढलेलं गाव. सरळ रस्ते, दोन्हीकडे मोठाली झाडं, एकसारखी क्वार्टर्स, कुंपणाला मेंदी. हवेत मळीचा गोड-आंबूस वास, आणि कारखान्याची घरघर इतकी सारखी, की थोड्या वेळानं ऐकूच येईनाशी होते. कोंडाबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन माझ्यामागून चालत होत्या. चपला हातात. “एवडा गुळगुळीत रस्ता, घान कशाला करायचा,” म्हणाल्या.

तिसऱ्या दारातल्या बाईंनी आत बोलावलं. मी म्हटलं, आधी तळून बघा, मग बोला. तेलात कुरडई पडली आणि पांढरीशुभ्र फुलून झाऱ्यात मावेना. बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, आणि आतल्या खोलीत जाऊन लेकीलाच घेऊन आल्या.

“हिचं लग्न आहे. रुखवतात ठेवायला कुरडया, शेवया, सांडगे, पापड, सगळं तुम्हीच कराल? पंधरा दिवसांत?”

“करू की,” कोंडाबाई एका दमात म्हणाल्या. मी चकित झाले, कारण त्या घरात शिरल्यापासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या. चेहरा उतरला होता.

“व्हय म्हनून बसले. एकल्या हातानं हुतंय व्हय ह्ये? धा घरच्या बाया लागतील.”

“मग बोलवू या ना.”

“न्हाईत येत त्या.” थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “ताई, पेटी नेनार का तुमी?”

नियम सांगावा म्हणून मी वही काढली आणि परत पिशवीत टाकली. त्यांचे डोळे भरले होते. एका लाकडी पेटीसाठी इतकं? मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. बायका का येत नाहीत, ते ही बाई नीट सांगत का नाही?

इंदापूर

कोंडाबाई तिथूनच घरी परतल्या. मी पुढे इंदापूरला गेले, कारण पेटीच्या रांगेतलं पुढचं गाव तिथून जवळ होतं. त्या गावातल्या बायकांनी मला हात धरून नेलं आणि जागा दाखवली. विटांचा ओटा बांधून तयार, वर सारवण, भोवती रांगोळी.

“कवा आनता पेटी?”

“आठवड्यात सांगते,” मी म्हटलं. तो चहा मला गोड लागला नाही.

परत इंदापूरच्या स्टँडवर आले, तर त्या दिवशी तिथला बाजार होता. हायवेवर ट्रकांची रांग, तहसीलपुढे अर्ज लिहून देणाऱ्यांच्या छत्र्या, पिवळ्या एसटीडी बूथपुढे पाळी लावून उभी असलेली माणसं. आमच्या बाजारात मासळीचा वास आधी येतो आणि बाजार मागून. इथे धुरळा, कांदा आणि गुळाचा वास. एका ट्रकच्या सावलीत एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगांचा ढीग घेऊन बसली होती. मला पाहून तिनं हाक मारली.

“पेटीवाल्या ताई न्हवं तुमी? परवा आमच्या वस्तीव हुता. मी पारूबाई, कोंडीच्या शेजारची. हितं लेकीकडं आलीया.”

मी तिच्याशेजारी बसकण मारली. म्हटलं, पारूबाई, तुम्ही तरी सांगा, बायका पेटीत वाळवण का घालत नाहीत?

पारूबाईंनी शेंग फोडून माझ्या हातावर ठेवली. “आता काय सांगावं? लगनाकार्याचं, देवाधर्माचं वाळवान आन् सोयरात घालायचं व्हय?”

“सोयर? बाळंतपणाचा विटाळ? कुणाला मूल झालं?”

“कुनाला न्हाय. पेटीलाच सोयर हाय की. पाटीव तुमीच ल्हिवलंय. आमची सून चौथी शिकलीया, तिनं अक्षरं लावून वाचलं. आन् ती तुमची पोरं बी म्हनली, ही सोयर पेटी हाय, सोयर म्हंजी भ्यायचं काय कारन न्हाय. आता सोयर काय आमाला नवं हाय?”

मी डोक्याला हात लावला. “अहो, सौर! सौर म्हणजे सूर्याचं!”

“सूर्याला कशाचं सोयर?” पारूबाईंनी मनापासून विचारलं.

मला हसू फुटलं ते आवरेना. पारूबाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, “बाया तर म्हनत्यात, कोंडीच्या घरात पाळना हालला न्हाय कवा, आन् वांझंच्या दारात सोयर आलं बगा!”

माझं हसू तिथेच गेलं. पारूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली शेंग खाली ठेवली. आम्ही दोघी ट्रकच्या चाकाकडे बघत बसलो. मी ज्या अक्षराचा तोरा मिरवत होते, त्याच अक्षरानं एका बाईच्या दारात ही थट्टा नेऊन ठेवली होती. मला माझी लाज वाटली.

संध्याकाळच्या एसटीला पारूबाई माझ्याबरोबर निघाल्या. लेकीकडे आणखी दोन दिवस राहायचं होतं म्हणे. बारामती येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पुन्हा वस्तीवर

कोंडाबाई चुलीपुढे होत्या. मी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. सोयर, सौर, माझी पाटी. थट्टेचं सांगताना अडखळले.

“म्हाईत हाय मला, काय म्हनत्यात त्ये,” त्या भाकरी उलटवत म्हणाल्या.

“मग पाटी उपटून का नाही टाकलीत? मला का नाही सांगितलंत?”

त्यांनी भाकरी निखाऱ्याला टेकवली आणि फुगेपर्यंत फिरवली.

“पंचवीस वरसं लोकांच्या दारात बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या मी. गावात एक घर ऱ्हायलं न्हाय. आन् ती पोरं आली, पेटी ठिवली, म्हनली सोयर. मला वाटलं, नवी नवी वस्तू हाय, जलमली म्हनून सोयर. आसंल आसं बी. माज्या दारात आलं तर खरं कवातरी.” त्यांनी हसून पदरानं तोंड पुसलं. “बाळंतिनीच्या दारात लावत्यात तसा लिंब मीच लावला. रातच्याला पांघरून घातलं. बाराव्या दिशी तुमी याल, नाव ठिवाल, सोयर फिटंल, मंग बाया येतील. तुमी आलाच न्हाई.”

 त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण तो पिठाचा होता आणि त्यांना ते आवडलं नसतं.

“उद्या सगळ्यांना गोळा करते,” मी म्हटलं. “सौर म्हणजे काय, ते नीट समजावून सांगते.”

“समजावून काय हुतंय? त्या मान हालिवतील आन् घरी जातील.” कोंडाबाईंनी भाकरी टोपल्यात टाकली. “सोयर बारशानं फिटतं ताई. बारसं घाला.”

शिकलेल्या माणसानं असल्या समजुतींना खतपाणी घालावं का, यावर रात्री अंथरुणात पडून थोडा विचार केला. सकाळी उठून घुगऱ्यांसाठी हुलगे भिजत घातले.

बारशाचं बोलावणं आल्यावर न जाणं म्हणजे वैर धरणं. वस्तीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या, काही तोंडाला पदर लावून हसत, काही नुसत्या बघायला. पाळणा कुठून आणायचा हा प्रश्नच होता. तेवढ्यात पारूबाई डोक्यावर आपल्या नातवंडांचा पाळणा घेऊन आल्या आणि कुणाकडे न बघता आढ्याला बांधायला लागल्या. पेटी त्यात मावणार कशी? म्हणून तिचं एक जाळीचं ताट काढून पाळण्यात ठेवलं. वर कोंडाबाईंनी तो लुगड्याचा तुकडा पांघरला.

“पोरगा का पोरगी?” कुणीतरी विचारलं.

“पेटी म्हंजी पोरगीच की,” दुसरी म्हणाली.

“आत्या कोन हिची?” पारूबाईंनी विचारलं, आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या.

पाळणा हलला. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं. मग मी अंगणात पेटीपाशी गेले, पंख्याच्या भोकाशी तोंड नेलं आणि “कुर्रर्र” करून नाव सांगितलं. रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत गुद्दे बसतात. आमच्याकडे ते लटके असतात, बोटं टेकवल्यासारखे. देशावरच्या बायकांनी मला असं काही बडवलं, की मी काचेवर आडवी होता होता वाचले.

“काय ठिवलं नाव?”

“किरण.”

“किरन! ब्येस हाय,” पारूबाई म्हणाल्या. घुगऱ्या वाटल्या. तात्यांनी ओंजळभर घेतल्या, पण एक दाणाही तोंडात टाकला नाही. मुठीत घेऊन उन्हात बसून राहिले. कोंडाबाई एकेकीला कुंकू लावत होत्या, आणि प्रत्येकीनं उलट त्यांनाही लावलं. बायका घुगऱ्या घेऊन गेल्या. वाळवणाचं कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मला दहाची एसटी गाठायची होती. अंगणात पिशवी भरून बसले होते, मांडीवर शेऱ्याचा कागद. कोंडाबाईंनी डहाळ्या काढून टाकल्या, काच पुसली, पाचही ताटं झटकून लावली. आठ वाजले. ऊन अंगणात उतरलं, पंखा फिरायला लागला. नऊ वाजले. रस्त्यानं एक शेळी गेली. कोंडाबाई पेटीशेजारी उकिडव्या बसून होत्या, रस्त्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारख्या. साडेनऊला मी पेनाचं टोपण काढलं. ‘बंद’ लिहायचं झालं तर त्यांच्यादेखत लिहायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

तेवढ्यात बांधावरून बायकांची रांग दिसली. पुढे पारूबाई, डोक्यावर परात, परातीत ओल्या शेवया.

“अगं ए किरनच्या आई!” पारूबाई लांबूनच ओरडल्या. “झाकन उगड की! शेवया चिकटाय लागल्यात!”

कोंडाबाईंनी मागं वळून पाहिलं, कुणाला हाक मारतायत म्हणून. मागं कुणीच नव्हतं.

“आले गं, आले,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.